पंक्चरच्या दुकानासमोरची वीस मिनिटं (गाडीची कामं करता करता काढलेले फोटो)

सुगरण | शनिवार, रात्री ९:१२

आमच्याकडे शनिवार सकाळ म्हणजे गाडीची कामं. नौपाड्यातून सासूबाईंची औषधं, जांभळी नाक्यावरून महिन्याचं वाणसामान, सीएनजी, हवा, अधूनमधून पीयूसी नाहीतर व्हील अलाइनमेंट. राहायला ठाण्यात कासारवडवलीला, म्हणजे घोडबंदर रोडने खाली उतरायचं आणि दुपारच्या आत वर यायचं. लग्नाआधी मी कॅमेरा घेऊन भरपूर फिरले. पहाटे उठून भिगवण, पावसाळ्यात राजमाची, सप्टेंबरात कास. आता फोटोंसाठी असा वेगळा दिवस मिळत नाही, आणि तो मिळेल म्हणून वाट बघण्यात तीन वर्षं गेली.

जानेवारीत ठरवलं की कामासाठी गाडी जिथे थांबेल तिथेच एक फोटो काढायचा. फोटोसाठी वाट वाकडी करायची नाही. इंजिन बंद, हँडब्रेक वर, मगच फोन हातात. आज चार महिने झाले. या चार महिन्यांत जे दिसलं ते आधीच्या दहा वर्षांत दिसलं नव्हतं, म्हणून हा धागा.

फेब्रुवारीत माजिवड्याच्या अलीकडे मागचं डावं चाक बसलं. रस्त्याकडेला पंक्चरचं दुकान होतंच. दुकानदाराने चाक काढलं आणि पाण्यात घातलं. पाणी म्हणजे आडवं कापलेलं अर्धं पिंप, आतलं पाणी काळं, वर तेलाचा पातळ तवंग. तो चाक थोडं थोडं फिरवत होता आणि प्रत्येक वेळी पाणी निवळेपर्यंत थांबत होता. निवळलं की त्यात मेट्रोचा खांब, एक वायर आणि त्याची स्वतःची हनुवटी दिसायची. चौथ्या-पाचव्या वेळी एका जागेवरून मोहरीएवढ्या बुडबुड्यांची माळ वर यायला लागली आणि पाण्यातला खांब मधोमध थरथरला. त्याने तिथे अंगठा दाबला. माळ तुटली, खांब पुन्हा सरळ झाला. अंगठा उचलला, पुन्हा थरथर.

मी दोन फोटो काढले. पहिल्यात अख्खं दुकान: टायरांची चळत, कॉम्प्रेसर, पाटी. असा फोटो कुणाकडेही असेल. दुसऱ्यात नुसतं पाणी, अंगठा आणि मोडलेला खांब. दुसरा मी घरी येऊन पाच वेळा उघडून बघितला.

चाक नीट व्हायला वीस मिनिटं लागणारच होती. नुसती वाट बघत असते तर मी फोनवर मेसेज वाचत बसले असते.

सीएनजीच्या रांगेचंही तसंच. गॅस भरताना सगळ्यांना गाडीतून उतरावं लागतं, हे आपल्या अंगवळणी पडलंय. पण जरा लांबून बघा. झोपलेलं मूल खांद्यावर टाकलेली आई, डब्याची पिशवी घट्ट धरलेली आजी, लग्नाला निघालेलं अख्खं कुटुंब शालू-शेरवानीत फुटपाथवर रांगेने उभं. पाच मिनिटांनी सगळे पुन्हा आत. एरवी गाडीत बंद असलेली माणसं इतकी उघड्यावर कुठे दिसतात? (पंपाच्या आवारात फोन काढत नाही. तिथे मनाई असते आणि ती बरोबरच आहे. बाहेर रस्त्यावरच्या रांगेतूनच काय ते.)

आणखी एक गोष्ट या रांगेतच कळली. घोडबंदर रोडवर संध्याकाळ लवकर होते. पश्चिमेला येऊरचे डोंगर आडवे आहेत, सूर्य खरा मावळायच्या आधीच त्यांच्यामागे जातो. खाली रस्त्यावर निळसर सावली पसरलेली असते आणि टॉवरच्या वरच्या चार-सहा मजल्यांवर अजून पिवळं ऊन असतं. इथे दहा वर्षं राहते मी. त्याच रांगेत चौथ्या संध्याकाळी उभी होते तेव्हा हे लक्षात आलं.

तुमच्या रोजच्या कामांच्या वाटेवर काय आहे? फोटो असतील तर टाका, नसतील तर नुसतं लिहा.

---

चहाबिस्कीट | शनिवार, रात्री ९:४०

अंगठ्याचा फोटो टाका की! वर्णन वाचून डोळ्यासमोर आलं. वाचनखूण साठवली आहे.

---

स्टेपनी | शनिवार, रात्री १०:०५

सुगरणताई, हँडब्रेकचा नियम कडक ठेवलात ते फार चांगलं. २०१९ च्या दुरुस्तीपासून गाडी चालवताना फोन हातात धरणं मोटार वाहन कायद्यात धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरलं जातं. सिग्नलला थांबलेली गाडीही चालवत्या माणसाचीच असते, त्यामुळे लाल दिव्यावर पटकन एक, हेही नको. शेजारी बसलेल्याने काढावा.

काचेतून काढणाऱ्यांसाठी थोडं. फोनची भिंग असलेली बाजू काचेला टेकवा, फट ठेवू नका. फट राहिली की डॅशबोर्ड आणि तुमचा शर्ट फोटोत येतो. पुढच्या काचेतून घेताना डॅशबोर्डवर काळा टॉवेल पसरला तरी अर्धं काम होतं. कॅमेऱ्याला पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) लावणाऱ्यांनी बाजूच्या खिडकीतून काढताना आधी बघून घ्या. बाजूच्या काचा टफन्ड असतात, तापवून झटक्यात थंड केलेल्या. तो ताण काचेत कायम राहतो आणि पोलरायझरमधून त्याचे जांभळट डाग दिसतात. पुढची काच वेगळी, दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असलेली, तिथे हा त्रास फारसा होत नाही. मला आधी वाटलं भिंगच खराब झालं. दुकानात घेऊन गेलो होतो.

पाऊस सुरू झाला की मात्र सगळे नियम बाजूला ठेवा. काचेवरचा प्रत्येक थेंब हे एक बारीक भिंग असतं आणि त्यात समोरचा रस्ता उलटा दिसतो. वायपर बंद, फोकस थेंबावर. मागचा सिग्नल लाल धुरळ्यासारखा पसरतो आणि थेंबात एक एवढीशी बस छताच्या बाजूने उलटी उभी. गेल्या जुलैत मुलीच्या क्लासबाहेर गाडी लावून बसलो होतो, पाऊण तासात एकाच काचेवर चाळीस फोटो काढले. तीन ठेवले.

---

सेक्टर_सतरा | रविवार, सकाळी ८:३०

वाचायला छान वाटतंय, पण प्रामाणिकपणे सांगतो, ठाण्यात तुमच्याकडे तळं आहे, जुना बाजार आहे, कौपिनेश्वर आहे. वाशीत काय काढू? सेक्टर नऊ आणि सेक्टर पंधरा यांत फरक सांगता येत नाही. सगळ्या बिल्डिंगा एकसारख्या, रस्ते सरळ. शिवाय माझी कामं दुपारी बारा ते दोन. त्या उन्हात कुणीच चांगलं दिसत नाही.

---

तळ्यावरची | रविवार, सकाळी ९:१५

मला एक विचारायचंय, आणि वाकड्यात शिरून नाही. त्या पंक्चरवाल्या दादांना विचारलं होतंत का? सीएनजीच्या रांगेतल्या त्या आईला? आपण गाडीत बसलेलो असतो, काच वर असते आणि समोरचा माणूस कामात असतो. माझी आई मार्केटमध्ये भाजी विकायची. लोक तिचे फोटो काढून निघून जायचे आणि तिला ते अजिबात आवडायचं नाही. ती पदर पुढे ओढून घ्यायची. त्यांना कदाचित तोच क्षण हवा असायचा.

---

सुगरण | रविवार, सकाळी ९:५०

तळ्यावरची, बरं झालं विचारलंत. पंक्चरवाल्या दादांना विचारलं होतं, पण फोटो काढून झाल्यावर. रांगेतल्या माणसांना नाही विचारलं, म्हणून तो फोटो मी इथे टाकलेला नाही आणि टाकणारही नाही. तुमच्या आईंचं वाचून थांबले. "आधी विचारायचं" हे माझ्या नियमात आजपासून वाढवते.

---

करवत | रविवार, दुपारी १२:२०

इथे मी फोटोतल्या बाजूचा माणूस आहे. वागळे इस्टेटला डेंटिंग-पेंटिंगचं वर्कशॉप, वडिलांपासूनचं. हल्ली गिऱ्हाईक गाडी टाकायला येतात आणि फोटो काढतात. कुणी विचारलं तर आमची पोरं कधी नाही म्हणत नाहीत. फक्त विचारताना फोन खाली असू दे. फोन वर धरूनच विचारलं तर त्याला विचारणं म्हणत नाहीत.

आणि लोक कशाचा फोटो काढतात ते सांगतो. काळे हात आणि वेल्डिंगच्या ठिणग्या, दरवेळी तेच. माझ्या मते आमच्याकडची बघण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. दाराला पोचा पडला की रंग काढताना वॉटरपेपर गोल गोल फिरवतात. वरचा रंग हळूहळू झिजतो आणि खालचे थर कड्यांसारखे उघडे पडतात. बाहेर पांढरं, मग प्रायमरचं राखाडी, मग पुट्टीचं पिवळट, आणि मधोमध पत्रा, एखाद्या तळ्याएवढा चकचकीत. शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकात डोंगराच्या उंचीच्या रेषा असतात, तसंच. जुनी गाडी दोनदा रंगवलेली असेल तर कडी वाढतात. एका गाडीवर मी सात मोजली होती. मूळची निळी, मग मरून, मग पांढरी. मालकाला मरूनचं माहीतच नव्हतं, त्याने पांढरी विकत घेतली होती.

ही कडी जेमतेम अर्धा दिवस असतात. संध्याकाळी पुट्टी भरली की गेली. गाडी टाकून लगेच रिक्षा करून जाऊ नका, एवढंच.

---

चहाबिस्कीट | रविवार, दुपारी १२:४५

करवत, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून यायला हवा. दोनदा वाचला.

---

मिठागर | रविवार, दुपारी ४:१०

सेक्टर सतरा यांना उत्तर द्यायचं आहे. जरा लांबेल.

मी १९८६ साली कोपरखैरण्यात राहायला आलो. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची, वाशीचा पहिला पूल १९७३ चा, म्हणजे शहर तसं पोरवयातच होतं. १९९१ मध्ये जुनी पद्मिनी गाडी घेतली. ऐरोलीचा पूल तेव्हा नव्हता, मुलुंडला बहिणीकडे जायचं तर विटावा-कळव्यावरून ठाण्याला वळसा. छत्तीस फोटोंचा रोल घरात असायचा आणि तो जपून वापरायचा, म्हणजे वाढदिवस, गणपती आणि गावाकडची लग्नं. तरी गाडी आम्हाला नवी म्हणून तिचे चार-पाच फोटो काढले. एक पेट्रोल भरताना थांबलो तेव्हाचा, एक टायर बदलताना, एक बोनेट उघडं असतानाचा.

आता सत्तरीत सगळी निगेटिव्ह स्कॅन करायला घेतली आहेत. वाढदिवसाचे फोटो एकमेकांसारखे आहेत. केक, मेणबत्त्या, चमकलेले डोळे. पण त्या टायर बदलतानाच्या फोटोत मागे मिठागर आहे. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या खाडीकडच्या अंगाला मिठाचे पांढरे ढीग, एक बांध, आणि त्यावरून डोक्यावर पाटी घेऊन चाललेली एक बाई, नखाएवढी. तिथे आता काय आहे ते तुम्ही रोज बघता. मी तो फोटो मिठासाठी काढलाच नव्हता, पद्मिनीसाठी काढला होता. माझं इथलं नाव त्या फोटोवरून घेतलं आहे.

वाशी तुम्हाला एकसारखी वाटते. गाडीचं काम काढून एकदा बेलापूरच्या सेक्टर आठमध्ये जा, आर्टिस्ट व्हिलेज. चार्ल्स कोरियांनी आखलेली वस्ती, ऐंशीच्या दशकातली. घरं एकमेकांना भिंत लावून बांधलीच नाहीत, प्रत्येकाला आपलं घर वाढवता यावं म्हणून. आणि लोकांनी वाढवलीही. कुणी मजला चढवला, कुणी अंगण झाकलं, काहींनी अजून कौल सांभाळलंय. एका नकाशावरून निघालेली घरं चाळीस वर्षांत किती तऱ्हेची होतात ते गल्लीत गाडी लावून बघा. तुमच्या सेक्टर नऊ आणि पंधरातही हेच झालंय. फक्त तिथे ते ग्रिल, पत्रे आणि कुंड्यांमधून शोधावं लागेल.

उजेडाचं म्हणाल तर ठाणे-बेलापूर रस्ता उत्तर-दक्षिण आहे, पश्चिमेला खाडी, पूर्वेला पारसिकचा डोंगर. सुगरणताईंच्या घोडबंदरच्या अगदी उलट. आपल्याकडे संध्याकाळी शेवटपर्यंत ऊन आडवं येतं आणि पारसिकच्या खाणींनी कापलेल्या उघड्या कड्यांवर पडतं. घणसोलीच्या सिग्नलला डावीकडे बघा, ठाण्याकडून येत असाल तर. (बघा म्हणतोय, काढा नाही. स्टेपनी रागावतील.)

---

स्टेपनी | रविवार, सायं. ५:००

मिठागरकाका, अजिबात नाही रागावत. तो फोटो स्कॅन झाला की इथे हवाच.

दुपारच्या उन्हाबद्दल सेक्टर सतरांना. उड्डाणपुलाखाली जा. तीन हात नाका काय, तुमच्याकडे सानपाडा काय, पुलाच्या आतल्या बाजूला थेट ऊन नसतं. बाहेरच्या रस्त्यावर आपटलेला उजेड खालून वर येतो. चेहऱ्यावर अतिशय मऊ पडतो, स्टुडिओत पांढरा पडदा लावून जे करतात तेच. दुपारी एक वाजता पुलाखालच्या चांभाराचा फोटो काढला होता (विचारून), लोकांना तो सकाळचा वाटतो.

आणि दुपारचं ऊन टाळूच नका. पुढच्या आठवड्यात मेच्या १५-१६ तारखेच्या सुमारास आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस आहे. दुपारी १२:३५ च्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. पुन्हा जुलैअखेर येतो, पण तेव्हा आपल्याकडे ढग. सिग्नलचा खांब, रस्त्यावरचे दगडी खुंट, पाण्याचा पिंप, सगळ्यांच्या सावल्या त्यांच्या पायात जातात. बारा ते दोन कामं असलेल्या माणसाने हा दिवस सोडू नये.

---

तळ्यावरची | रविवार, रात्री ८:३५

मिठागरकाका, बांधावरच्या त्या बाईचं वाचून माझ्याच प्रश्नाकडे वेगळं बघितलं. तिला कुणी विचारलं नव्हतं, पण ती त्यात राहिली हे बरं झालं असंही वाटतं. दोन्ही एकदम वाटतंय. आईचा कामावरचा एकही फोटो आमच्याकडे नाही. कुणाच्या तरी कॅमेऱ्यात असतील.

---

मिठागर | रविवार, रात्री ९:२०

तळ्यावरची, तुमच्या आईंना पदर ओढून घ्यावा लागला ते चुकलंच. त्या फोटो काढणाऱ्यांपैकी एकानेही प्रिंट आणून द्यायला हवी होती. आम्ही रोलच्या काळातही एक कॉपी जास्त काढायचो, ज्याचा फोटो त्याला द्यायला.

जाता जाता एक नाव सांगतो. जयपूरचे रघुबीर सिंग (१९४२–१९९९), रंगीत फोटोंवर आयुष्यभर काम केलेले. त्यांच्या अखेरच्या कामांपैकी एक सगळं अ‍ॅम्बॅसडर गाडीभोवतीचं आहे. दार, खिडकी, आरसा, पुढची काच, या सगळ्यांतून दिसणारा देश. गाडी चौकटीत ठेवून काढलेले फोटो. आपण गाडीचा आरसा चुकवायला बघतो, त्यांनी तो मुद्दाम आत घेतला. एका फोटोत समोरचं आणि मागचं दोन्ही. लायब्ररीत मिळालं तर जरूर बघा.

---

सेक्टर_सतरा | मंगळवार, रात्री १०:४०

काका, काल एपीएमसीला आंब्याच्या पेट्या आणायला गेलो होतो, फळ मार्केटमध्ये. पेट्या डिकीत भरेपर्यंत पंधरा मिनिटं उभा होतो. रिकाम्या पेट्यांतलं गवत एका कोपऱ्यात पडलं होतं, गुडघाभर उंच. त्यात एक कुत्री तीन पिल्लांना घेऊन झोपली होती. हमाल डोक्यावर चार-चार पेट्या घेऊन तिथूनच जात होते आणि प्रत्येक जण तेवढ्या जागी पाय उचलून, वळसा घालून जात होता. न बघता. पायांना माहीत असल्यासारखं. मी एकाला विचारलं, काढू का, तो म्हणाला कुत्रीला विचारा. नऊ फोटो काढले, एकातही ते पाय नीट आले नाहीत. उद्या भावाच्या पेट्या आणायच्या आहेत, पुन्हा जाईन.

सेक्टर नऊबद्दल माझं मत अजून तेच आहे.

---

स्टेपनी | मंगळवार, रात्री ११:०२

फोन जमिनीला टेकवा, उलटा धरा म्हणजे भिंग खाली जातं. चेहऱ्यांची गरजच नाही, पाय आणि गवत. आणि एकेक न काढता बर्स्ट लावा, म्हणजे सलग फोटो निघतात.

---

सुगरण | शनिवार, दुपारी २:३०

आज कामावरून येताना माजिवड्याला थांबले. काकांचं वाचून बुडबुड्यांच्या फोटोची प्रिंट काढली होती, आठ बाय दहा. दादांनी हात पुसले, प्रिंट कडेने धरली आणि बराच वेळ बघितली. मग मला समजावून सांगितलं. अशी बारीक, न थांबणारी माळ म्हणजे खिळा. मोठे बुडबुडे थांबून थांबून आले तर हवा रिमच्या कडेने जाते, तिथे पॅच लावून उपयोग नाही. "तुमचा खिळाच होता, फोटोवरूनसुद्धा कळतंय."

मी त्यांना आधी न विचारल्याबद्दल बोलले. त्यावर ते म्हणाले, "त्याचं काही नाही, पण यात मी कुठाय?" खरंच, फोटोत त्यांचा फक्त अंगठा आहे. म्हणाले, एक माझाही काढा, गावाला पाठवायला. आत जाऊन शर्ट बदलून आले, केस ओले करून विंचरले, आणि टायरांच्या चळतीशेजारी ताठ उभे राहिले. दोन्ही हात सरळ खाली. हसले नाहीत. मी एरवी असे उभे राहून काढलेले फोटो टाळते, आज मन लावून काढला. पत्र्याच्या छपराखाली रस्त्यावरून उसळलेला उजेड होता, स्टेपनींनी सांगितला तसा.

पुढच्या शनिवारी त्याच्या दोन प्रिंट द्यायच्या आहेत. त्यांनी परवानगी दिलीय, म्हणून अंगठ्याचा फोटो खाली टाकते आहे. काका, मिठागराची वाट बघतेय.